लाइम रोगाची रेंगाळणारी पीडा आणि वनौषधी

गोचीड हा कोळ्याच्या जातकुळीतील एक क्षुद्र जीव होय. गुरांच्या कानांत, कुत्र्याच्या अंगावर आणि रानातील गवताच्या पात्यांवर आपण तो नेहमी पाहतो. पोटभर रक्त शोषल्यावर तो गळून पडतो. परंतु कित्येकदा जाताना आपल्या शरीरातील रोगबीज माणसाच्या रक्तात सोडून जातो. कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या अरण्यात, १९५७ साली ओळखला गेलेला आणि २०१६ साली सिंधुदुर्गात फैलावलेला माकडताप याच वाटेने येतो. माकडतापाचे कारण विषाणू आहे. लाइम रोगाचे कारण मात्र मळसूत्रासारखा पीळदार जिवाणू आहे.

अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातील लाइम गावाच्या परिसरात १९७५ च्या सुमारास अनेक मुलांचे सांधे सुजू लागले. त्या गावावरून रोगास नाव मिळाले. विली बर्गडॉर्फर यांना गोचिडीच्या आतड्यात हा जिवाणू आढळल्याचे १९८२ साली प्रसिद्ध झाले. दंशाभोवती तांबडा चट्टा पसरतो, ताप येतो, अंग मोडून येते. उपचार न झाल्यास सांधे, मज्जातंतू व हृदय यांना बाधा पोहोचते. हा रोग केवळ परदेशचा, असेही आता म्हणता येत नाही. बंगळूरच्या संशोधकांनी नागरहोळे व बंडीपूर अरण्यांतील वनकर्मचाऱ्यांचे रक्त तपासले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार सुमारे पाचव्या हिश्श्याच्या रक्तात या जिवाणूविरुद्धची प्रतिद्रव्ये होती. प्रतिद्रव्ये असणे म्हणजे रोग असणे नव्हे. तथापि रानात वावरणाऱ्या रुग्णाला गोचिडीविषयी विचारावे, एवढे त्यावरून निश्चित ठरते.

डॉक्सिसायक्लिनसारख्या प्रतिजैविकाने बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात. परंतु थोड्यांच्या वाट्याला थकवा, अंगदुखी आणि विस्मरण महिनोन्महिने येते. ही पीडा काल्पनिक नाही. तिचे मूळ कोणते, जिवंत उरलेले जिवाणू, त्यांचे मृत अवशेष की बिथरलेली प्रतिकारशक्ती, याविषयी शास्त्रज्ञांत एकमत नाही. नेदरलँड्समध्ये सुमारे २८० रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रतिजैविके आणखी बारा आठवडे देऊनही अधिक गुण आला नाही. असा निराश झालेला रुग्ण वनौषधींकडे वळला, तर त्यात नवल ते काय?

या औषधींची शास्त्रीय परीक्षा झालेलीच नाही, असे नाही. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली अनेक वनस्पतींचे अर्क या जिवाणूवर टाकून पाहिले. आफ्रिकेतील क्रिप्टोलेपिस या वेलीचा एक टक्का अर्क सात दिवस दिल्यावर, पुढील एकवीस दिवसांच्या संवर्धनातही एकही जिवाणू पुन्हा वाढला नाही. काळा अक्रोड आणि आर्टेमिसिया अ‍ॅन्युआ यांचाही प्रभाव दिसला, पण त्यांच्या बाबतीत काही जिवाणू शिल्लक राहिले.

येथे वाचकाने क्षणभर थांबावे. प्रयोगनलिकेतील जिवाणू साबणाच्या पाण्यानेही मरतात. म्हणून कोणी साबण पीत नाही. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते. त्यात एक टक्का अर्क खेळवायचा, तर पन्नास मिलिलिटर अर्क पोट व यकृत ओलांडून जसाच्या तसा रक्तात उतरला पाहिजे. तो उतरेल काय, आणि उतरल्यास यकृत ते सोशील काय, याचे उत्तर नलिका देत नाही. शिवाय पीडेचे कारण जिवंत जिवाणू नसतील, तर जिवाणुनाशक कितीही प्रखर असले तरी व्यर्थच.

म्हणून वनस्पतींना तुच्छ लेखावे काय? मुळीच नाही. चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांनी चौथ्या शतकातील ग्रंथात वाचले की, हिवतापासाठी आर्टेमिसिया पाण्यात भिजवून पिळावी. उष्णतेने गुण नष्ट होत असावा, हे ताडून त्यांनी कमी तापमानाला अर्क काढला. त्यातून आर्टेमिसिनिन हाती आले आणि २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक लाभले. ग्रंथाने दिशा दाखवली. खात्री मात्र प्राण्यांवरील व माणसांवरील चाचण्यांनी पटवली. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने या वनस्पतीची ‘जीवनरक्षा’ ही जात विकसित केली. संस्थेचे एक संशोधन केंद्र बंगळुरात आहे. जोतिबाला वाहिला जाणारा दवणाही आर्टेमिसियाच्याच कुळातला. पण कूळ एक म्हणून गुण एक, असे ठरत नाही.

नामसाम्याचा आणि अदलाबदलीचा धोका तर याहून मोठा. १९९० नंतरच्या काही वर्षांत बेल्जियममध्ये वजन उतरविण्याच्या चूर्णात एका चिनी मुळीच्या जागी अ‍ॅरिस्टोलोकियाची मुळी पडली आणि शंभराहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. आपल्याकडे कृष्णसारिवा म्हणून जी वेल वापरतात, ती क्रिप्टोलेपिसचीच निराळी जात. आफ्रिकेतील वेलीचा प्रयोग तिला लागू करणे म्हणजे एका भावाच्या परीक्षेत दुसऱ्याला गुण देणे होय.

तेव्हा रानातून परतल्यावर अंग तपासावे. गोचीड आढळल्यास चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावी. तेल किंवा चटका देऊ नये. चट्टा वा ताप आल्यास दंशाची तारीख सांगून तत्काळ डॉक्टरांकडे जावे. पीडा रेंगाळली, तर रक्तक्षय, थायरॉइड, संधिवात यांसारखी अन्य कारणे तपासून घ्यावीत. आणि एखादी वनौषधी चालू असेल, तर ती डॉक्टरांपासून लपवू नये. त्या पुडीचे नाव समजले, तरच यकृताची तपासणी वेळेवर होऊ शकते.