फुलांना इतवार नसतो

माझी मुलगी पुण्याला असते. दर रविवारी सकाळी तिला आमच्या नेरच्या घरच्या बागेचा फोटो हवा असतो. बाग म्हणजे काय, तर अंगणातली चार जास्वंदी, एक मोगरा, कंपाऊंडच्या भिंतीलगत गुलबक्षी आणि फुटक्या बादल्यांमधून लावलेली ऑफिस टाइमची झाडं. फजरची नमाज झाली की मी मोबाइल घेऊन अंगणात येतो. परवा असाच फोटो पाठवला, तर दोन मिनिटांत तिचा निरोप : "अब्बा, फुलं कुठे आहेत? नुसत्या बादल्याच दिसताहेत."

खरंच होतं ते. सकाळचे साडेसहा वाजले होते आणि ऑफिस टाइमचं एकही फूल उमललं नव्हतं. शेजारचे भाऊ पाठीवर फवारणीचा पंप अडकवून शेताकडे निघाले होते. भिंतीवरून डोकावून म्हणाले, "काय भाई, आज आइतवार हाय ना? मंग फुलाइले कावून उठवून राहिले एवढ्या सकायी? झोपू द्या ना त्याइले!"

आमच्या वऱ्हाडी बोलीची ही गंमत आहे. 'सकाळी'ची 'सकायी' होते, 'डोळ्या'चा 'डोया' होतो, आणि सरळ सांगायची गोष्ट वाकडी होऊन येते. ती मात्र बरोबर जागी लागते. त्या फुलांचंच पाहा. या झाडाला कुणी चिनी गुलाब म्हणतं, पण आपल्याकडे त्याचं नाव पडलं ऑफिस टाइम. नऊ-दहाच्या सुमाराला, म्हणजे बाबू लोक कचेरीत जाऊन बसतात तेव्हा, ते उमलतं आणि दुपार कलली की मिटतं. आमच्या कचेरीत याहून वेगळं काही घडतं असं मी म्हणणार नाही. फरक एवढाच, की आम्हाला रविवारी सुट्टी असते आणि त्या फुलाला नसते.

हे झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. त्याच्या पाकळ्या उघडतात त्या ऊन आणि ऊब मिळाल्यावर. आभाळ भरलेलं असेल तर फूल दिवसभर मिटलेलंच राहतं. एका फुलाचं आयुष्य एका दिवसाचं, दुसऱ्या दिवशी दुसरी कळी कामावर हजर. गुलबक्षीची पाळी दुपारनंतरची. चार-पाच वाजता ती उमलते आणि रात्रभर जागते. मोगऱ्याला संध्याकाळ लागते. पारिजातक रात्री फुलतो आणि पहाटे सगळा हिशोब जमिनीवर टाकून मोकळा होतो. कार्ल लिनियस नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञानं १७५१ साली आपल्या ग्रंथात फुलांच्या घड्याळाची कल्पना मांडली होती. कोणतं फूल किती वाजता उघडतं आणि मिटतं हे पाहून वेळ सांगता येईल, असं त्याचं म्हणणं. आमच्या अंगणात तसं घड्याळ आहे. पण या घड्याळात तास आहेत, वार नाहीत.

मग वार आले कुठून? पृथ्वी स्वतःभोवती फिरते त्याचा दिवस होतो, चंद्राच्या कलांवरून महिना होतो, सूर्याभोवतीच्या फेरीचं वर्ष होतं. सात दिवसांचा आठवडा मात्र आभाळात कुठे दिसत नाही. तो माणसानं केला. जुन्या ज्योतिषांनी ग्रह मंदगतीकडून शीघ्रगतीकडे असे लावले : शनि, गुरू, मंगळ, रवि, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाचे चोवीस भाग केले, त्यांना होरा म्हटलं आणि एकेक होरा एकेका ग्रहाला वाटून दिली. पहिली होरा ज्याची, त्याचा तो दिवस. पहिली होरा रवीची धरली, तर सातांच्या तीन फेऱ्या होऊन तीन होरा उरतात आणि पंचविसावी, म्हणजे दुसऱ्या दिवसाची पहिली होरा येते चंद्राची. म्हणून रविवारनंतर सोमवार. बोटांवर मोजून पाहा, पुढे मंगळच येतो. आपल्या देशात वाराचा उल्लेख असलेला फार जुना शिलालेख मध्य प्रदेशात एरण इथे आहे, इसवी सन ४८४ चा. त्यात गुरुवार आहे.

आमच्या घरात रविवारला इतवार म्हणतात. शेजारी भाऊंच्या घरात आइतवार म्हणतात. लहानपणी मला वाटे, त्यांनी आमचा शब्द उचलला आणि थोडा वाकवला. त्यांना वाटे, आम्ही त्यांचा पळवला. पुढे बी.ए.ला गेल्यावर कळलं, की दोन्ही एकाच आईची लेकरं. आदित्यवारचा झाला आइतवार, आणि आदित्यवारचाच झाला इतवार. आदित्य म्हणजे सूर्य. फारसीतला हफ्ता आणि संस्कृतातला सप्ताह यांचंही असंच जुनं नातं आहे, दोन्हीत 'सात' बसलेला आहे. मराठीत त्या हफ्त्याचा हप्ता झाला. मग तो कर्जाचा झाला, आणि पुढे आणखी कशाकशाचा झाला, ते श्रोत्यांना मी सांगायला नको.

आता वार ठरले, पण सुट्टी कुणी ठरवली? रोमचा बादशहा कॉन्स्टंटाइन यानं इसवी सन ३२१ मध्ये फर्मान काढलं, की सूर्याच्या वारी न्यायाधीशांनी आणि शहरातल्या लोकांनी विश्रांती घ्यावी, कारखाने बंद ठेवावेत. त्याच फर्मानात पुढे आहे, की शेतकऱ्यांनी मात्र आपलं काम खुशाल करावं, कारण पेरणीला आणि वेली लावायला योग्य दिवस पुन्हा मिळेलच असं नाही. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून भिंतीपलीकडे पाहिलं. बादशहानं यात शेतकऱ्याचं भलंच पाहिलं असेल. पण सतराशे वर्षांपूर्वी निघालेल्या पहिल्याच सुट्टीतून आमचे भाऊ वगळले गेले होते.

आपल्याकडच्या रविवारची गोष्ट अधिक जवळची आहे. इंग्रजी अमलात सरकारी कचेऱ्या रविवारी बंद असत, गिरण्यांत मात्र कामगारांना ठरलेली सुट्टी नव्हती. महात्मा फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ च्या सप्टेंबरात मुंबईत परळला कामगारांच्या सभा घेतल्या. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पगार वेळेवर, अशा साध्या मागण्या. अर्जाखाली सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या झाल्या. मालकांना त्या ऐकू यायला सहा वर्षं लागली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला कामगारांची मोठी सभा झाली, तीत दोन कामगार बायकाही बोलल्या. १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली, आणि पुढच्या वर्षी कारखान्यांच्या कायद्यात आठवड्याची सुट्टी आली. लोखंडे १८९७ साली वारले. २००५ मध्ये त्यांच्या नावाचं टपाल तिकीट निघालं.

त्या गिरण्यांत जो कापूस पिंजला जाई, त्यात आमच्या वऱ्हाडचाही होता. आमच्या शेजारच्या दारव्ह्यावरून जाणारी शकुंतला रेल्वे, जी आता बंद पडली आहे, ती मुळात कापूस वाहून न्यायलाच टाकलेली. कापडाच्या एका टोकाला कामगाराला रविवार मिळाला. दुसऱ्या टोकाला, जिथे बोंड फुटतं, तिथे तो पोचलाच नाही. आमच्या पदरात मात्र २९ फेब्रुवारी २०२० पासून शनिवारही पडला.

मला दिनविशेष वाचायची सवय आहे. रोज कुठला ना कुठला दिन असतोच. शेतकऱ्याचेही आहेत. २३ डिसेंबर, चौधरी चरणसिंगांचा जन्मदिवस, तो किसान दिन. १ जुलै आपल्या महाराष्ट्राचा कृषी दिन. तो वसंतराव नाईकांचा जन्मदिवस, आणि नाईकसाहेब तर आमच्याच जिल्ह्यातले, पुसदजवळच्या गहुलीचे. एकदा मी मोठ्या उत्साहानं भाऊंना कृषी दिनाच्या शुभेच्छा द्यायला गेलो. घराला कुलूप. सगळं घर वावरात. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पेरणी-डवरणीच्या दिवसांत शेतकरी सापडेल कुठे? संध्याकाळी चिखलाच्या पायांनी आले तेव्हा सांगितलं, तर म्हणाले, "आज आपला दिवस होता व्हय? सांगाचं ना सकायी, मी त सायाचं मजूर लावून बसलो!"

१९ मार्चचं पान मात्र मी गमतीनं वाचत नाही. १९८६ साली त्या दिवशी आमच्याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी बायको आणि चार लेकरांसह जीवन संपवलं. आता त्या दिवशी अनेकजण उपास करतात.

वऱ्हाडी विनोद ऐकून बाहेरचे लोक खूप हसतात. हसावंच. पण आमचा विनोद बहुधा सुकलेल्या पिकाच्या बांधावर उभा असतो. बोरीअरबचे कवी शंकर बडे 'बॅरिस्टर गुलब्या' करायचे, तेव्हा सभागृह हसता हसता एकदम गप्प व्हायचं. २०१६ साली ते गेले. पोळ्याला तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहिल्या की झडत्या म्हणतात, त्यातही असंच. सावकारापासून सरकारापर्यंत सगळ्यांची यथेच्छ हजेरी, आणि ऐकणारे हसून बेजार.

तर परवाच्या रविवारी भाऊंना मी सहज विचारलं, "भाऊ, तुमचा आइतवार कधी असतो?"

ते पंप खाली ठेवून भिंतीला टेकले. "पाऊस आला का आइतवार. वावरात पाय टाकता येत नाई, मंग काय करता, बसा घरी."

"आणि जास्त आला तर?"

"मंग शिमगा."

"आणि आलाच नाही तर?"

"मंग बाराई मयने आइतवारच हाय, भाई." हसले आणि पंप पुन्हा पाठीला लावला. जाता जाता म्हणाले, "आमच्यापरीस बैल बरे. वर्षातून एक दिवस का होईना, पोयाले त्याइले सुट्टी असते. आदल्या रोजी खांद्याले लोणी-हयद लावतो, उद्या जेवाले या म्हणून आवतन देतो. मले सांगा, मले कोन देते आवतन?"

माझी बायको तेव्हा गुलबक्षीला पाणी घालत होती. तिनं सगळं ऐकलं. ती काही बोलली नाही, फक्त माझ्याकडे पाहिलं. ही बाग तिची आहे. फोटो मी काढतो, एवढंच. रविवारी मला सुट्टी म्हणून घरात नाश्ता वेगळा, पाहुणे वेगळे, आठवड्याचे कपडे वेगळे. मी म्हणालो, "पुढच्या इतवारी तू काही करायचं नाही, सगळं मी बघतो."

ती म्हणाली, "तुम्हारे इतवार पे मेरा एतबार नहीं."

कवी मी, पण आमच्या घरात यमक तिलाच साधतं. मी मोबाइल ठेवला आणि चहा टाकायला आत गेलो. साखरेचा डबा कुठे असतो हे विचारायला दोनदा बाहेर यावं लागलं. दूध एकदा उतू गेलं. चहा घेऊन अंगणात आलो, तेव्हा दहा वाजून गेले होते आणि सगळ्या बादल्या लाल, पिवळ्या, गुलाबी झाल्या होत्या. ती पायरीवर बसली होती. मी फुलांच्या मागे ती येईल असा फोटो काढला आणि पुण्याला पाठवला. मुलीचा निरोप आला : "अम्मी रविवारी बसलेली? अब्बा, हा फोटो आजचाच आहे ना?"

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)