मुखशुष्कता, व्हायरसजन्य
लालेचे (लाळेचे) उत्पादन कमी झाल्यामुळे किंवा तिच्या घटकांत बदल झाल्यामुळे तोंड सतत कोरडे वाटते, या अवस्थेस मुखशुष्कता म्हणतात. हा स्वतंत्र रोग नसून लक्षण आहे. ताप, निर्जलीभवन किंवा भीती यांमुळे येणारा कोरडेपणा तात्पुरता असतो. तो काही महिने टिकल्यास कारणाचा शोध घ्यावा लागतो. रक्तदाब, नैराश्य, ॲलर्जी इ. विकारांवरील औषधे, मधुमेह आणि डोके-मानेवरील किरणोपचार ही त्याची नेहमीची कारणे होत. काही थोड्या रुग्णांत मात्र व्हायरसाचा (विषाणूचा) संसर्ग कारणीभूत असतो.

लाला ग्रंथींच्या तीन प्रमुख जोड्या मिळून दिवसाला सु. अर्धा ते दीड लिटर लाला स्रवतात. विश्रांतीच्या स्थितीत हा स्राव मिनिटाला सु. ०.३ ते ०.४ मिलि. असतो, तो ०.१ मिलि. किंवा त्याहून कमी झाल्यास दंतक्षय, कवकसंसर्ग व गिळण्याचा त्रास संभवतो.

व्हायरसांशी संबंध : व्हायरस ग्रंथीच्या कोशिकांत (पेशींत) शिरून त्यांचा प्रत्यक्ष नाश करतो किंवा शरीराच्या प्रतिरक्षा यंत्रणेला ग्रंथीविरुद्ध प्रवृत्त करतो. गालगुंडात कानापुढील अनुकर्ण ग्रंथी सुजून तोंड कोरडे पडते. परंतु सूज ओसरल्यावर स्राव बहुधा पूर्ववत होतो. उलट, मुख्यतः यकृताचा रोग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या यकृतशोथ-सी या व्हायरसाचा चिरकारी मुखशुष्कतेशी असलेला संबंध अधिक सबळ आहे. त्यात लाला ग्रंथींत लसीका कोशिका साचतात. एचआयव्ही संसर्गातही अशा कोशिका साचून अनुकर्ण ग्रंथी दोन्ही बाजूंस फुगू शकतात.

स्वीडिश नेत्रवैद्य हेन्रिक श्योग्रेन यांनी १९३३ मध्ये वर्णन केलेल्या विकारात शरीराची प्रतिरक्षा यंत्रणाच लाला व अश्रू ग्रंथींवर हल्ला करते. त्याची चित्रे वरील संसर्गांशी इतकी जुळतात की, २०१६ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरण निकषांनुसार सक्रिय यकृतशोथ-सी व एड्स असलेल्या व्यक्तींना या विकाराच्या गटातून वगळले जाते. एपस्टाइन-बार व्हायरसाकडेही संशयाने पाहिले जाते. मात्र तो जगातील बहुसंख्य प्रौढांत सुप्तावस्थेत असतो, त्यामुळे केवळ ग्रंथीत सापडल्याने तो कारण ठरत नाही.

पुण्यातील अनुभव : संबंध सिद्ध करण्यापूर्वी व्हायरस ओळखता येणे आवश्यक असते. या कामाची मोठी परंपरा पुण्यात आहे. येथे १९५२ मध्ये व्हायरस संशोधन केंद्र स्थापन झाले; १९७८ मध्ये त्यास राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था हे नाव मिळाले. जवळच्या भोसरी येथे १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था निघाली. महाराष्ट्रातील कोविड-१९ चे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यातच आढळले. हा व्हायरस ज्या ग्राहीला चिकटून कोशिकेत शिरतो, तो लाला ग्रंथींच्या कोशिकांवरही असतो. रोगकाळात व त्यानंतर काही महिने मुखशुष्कता राहिल्याच्या नोंदी जगभर झाल्या. तथापि तीव्र आजार, चिंता व औषधे यांचा वाटा वेगळा काढणे कठीण असते.

निदान व चिकित्सा : प्रथम रुग्णाची औषधे तपासतात, नंतर स्राव मोजून रक्तशर्करा, यकृतशोथ-सी व एचआयव्ही यांसाठी रक्ततपासणी करतात. गरजेनुसार ओठातील लहान ग्रंथींची जीवोतक परीक्षा करतात. वारंवार पाण्याचे घोट घेणे, तंबाखू वर्ज्य करणे व फ्ल्युओराइडयुक्त दंतमंजन वापरणे हितकारक असते. पायलोकार्पीन हे औषध स्राव वाढविते. दमा व काही प्रकारच्या काचबिंदूत ते टाळतात. यकृतशोथ-सी आता औषधांनी बहुधा पूर्ण बरा होतो. त्याची विनामूल्य तपासणी व उपचार देणारा राष्ट्रीय कार्यक्रम भारतात २०१८ मध्ये सुरू झाला. एचआयव्हीवरील औषधांनी ग्रंथींची सूज अनेकदा उतरते. परंतु नष्ट झालेल्या ग्रंथी-ऊतकाची भरपाई होत नाही. म्हणून दीर्घकाळ टिकणारा कोरडेपणा वार्धक्याचे लक्षण समजून दुर्लक्षिल्यास मूळ रोग व ग्रंथी या दोहोंच्या बाबतीत उपचाराची संधी गमावली जाते.