भाड्याची खोली, पुरातली वस्ती आणि घरमालक: कायदा काय सांगतो?

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फूट ओलांडले. धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी चढू लागले की सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर आधी बुडतात, हे सांगलीकरांना सांगायला नको. त्या वेळी शासनाने शहरी पूरग्रस्त कुटुंबांना १५ हजारांची मदत जाहीर केली. पण पंचनाम्यात राहण्याचा पुरावा विचारला जातो, आणि तोंडी करारावर राहणाऱ्या भाडेकरूकडे नेमका तोच नसतो.

दुसरीकडे उंचावर खोली घ्यावी म्हटले, तर सातारा असो वा सांगली, आधी आडनाव विचारले जाते. साताऱ्यात ७ नोव्हेंबर १९०० रोजी शाळेत दाखल झालेले बाबासाहेब परदेशात शिकून आले, तरी बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळाली नव्हती.

म्हणून सखल वस्ती सावरायची तर घरमालकाला सोबत घ्यावेच लागेल, असे आमचे मत आहे. त्याने जयंतीला वर्गणी दिली तर आनंदच आहे. आधी लेखी करार आणि भाड्याची पावती द्यावी.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत हवा आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. पावती देणेही बंधनकारक आहे. कलम १४ नुसार घर राहण्याजोगे ठेवणे हे मालकाचे काम. लेखी नोटीस देऊन १५ दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांश. महिना दोन हजार भाडे असेल तर वर्षाला सहा हजार रुपये.

कागद केला की भाडेकरू कायमचा बसेल, ही मालकांची भीती. लिव्ह अँड लायसन्स करारात ती राहत नाही: मुदत संपली की जागा सोडावी लागते, नाहीतर दुप्पट रक्कम भरावी लागते. मात्र अशा करारात दुरुस्तीची अट स्पष्ट लिहून घ्या, कारण कलम १४ चा हक्क भाडेकरूचा आहे.

खासगी जागेवरच्या घोषित झोपडपट्टीला १९७१ चा झोपडपट्टी कायदा लागू होतो. तिथे सक्षम प्राधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय जागामालक कोणाला बाहेर काढू शकत नाही.

पावसाळ्याआधी विहारात बैठक घ्या, घरमालकांनाही बोलवा. त्यांतले काही आपल्याच समाजाचे आहेत. सुरुवात त्यांच्यापासून करू.