माटुंग्याचं पान

नायगावहून माटुंग्याला आम्ही चालत जात असू. महिन्याचा पहिला रविवार, अण्णांचा पगार झालेला, आईने सकाळी चूल पेटवायची नाही हे आदल्या रात्रीच ठरलेलं. दादर टीटी ओलांडलं की हिंदू कॉलनीच्या गल्ल्यांतली झाडं सुरू होत आणि उन्हाचा ताप एकदम उतरे. रुईया कॉलेज मागे पडलं की मी नाकाने चालू लागे. आधी मोगरा आणि अबोलीच्या गजऱ्यांचा वास, मग ओल्या केळीच्या पानांचा, आणि मग तो वास, ज्यासाठी मी सगळा महिना थांबलेला असे: दळणयंत्रातून नुकत्याच निघालेल्या गरम कॉफीचा.

माटुंगा पूर्व आजही वासावरून ओळखता येतं. स्टेशनबाहेर आलं की पाच मिनिटांत आपण कुठे आलो ते कळतं. भांडारकर रोडच्या कडेला सुरण, कच्ची केळी, शेवग्याच्या शेंगा, कढीलिंबाच्या जुड्या, पूजेच्या फुलांच्या राशी आणि तमिळमध्ये चाललेली घासाघीस. भाजीवाला बहुतेक वेळा आपलाच, सातारा-जुन्नरकडचा. पण 'वाळक्काय' म्हटलं की तो न विचारता कच्ची केळी पुढे करतो.

या वस्तीचा जन्म एका साथीतून झाला. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, दाट चाळींत माणसं पटापट मेली आणि १८९८ साली शहरसुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्या ट्रस्टने दादर-माटुंग्याची मोकळी जमीन आखून काढली. रुंद रस्ते, बेताच्या उंचीच्या इमारती, मधे बागा. पाच उद्यानं त्याच आखणीतली, किंग्ज सर्कलचं गोल उद्यानही त्यातलंच. त्याला आता महेश्वरी उद्यान म्हणतात. नव्या इमारतींत भाडेकरू म्हणून आले ते रेल्वेत, बँकांत, फोर्टातल्या कचेऱ्यांत कारकून आणि टंकलेखक म्हणून काम करणारे दाक्षिणात्य. त्यांच्यामागून त्यांची देवळं आली, भजनसमाज आले, शाळा आल्या आणि आली कर्नाटकच्या किनारपट्टीवरून स्वयंपाकी आणि वाढपी मंडळी. उडुपीच्या कृष्णमठाभोवती पंगती वाढण्यात ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्या मुलखाची ही माणसं.

आम्ही जात असू ते स्टेशनजवळच्या मंडईच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर. ए. रामा नायक यांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग. १९४२ सालचं, म्हणजे महायुद्ध चाललेलं, धान्याची टंचाई, आणि तशा दिवसांत पोटभर जेवण देण्यासाठी उघडलेलं. जिना चढून गेलं की आधी गल्ल्यावर पैसे भरून कूपन घ्यायचं आणि नंबर येईपर्यंत बसून राहायचं. त्या बसण्यात मला कधी कंटाळा आला नाही. आतून भांड्यांचा आवाज येई, कानडीत हाका येत, आणि जेवून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावरून आज गोड काय असेल याचा मी अंदाज बांधत असे.

पान मांडलं जाई. निमुळता भाग डावीकडे. अण्णा पाण्याचा हात फिरवून ते पुसत, आम्हीही तसंच करू. मग वाढप सुरू होई: मीठ, लोणचं, कोसंबरी, दोन भाज्या, पापड, पुऱ्या, नंतर भाताचा डोंगर. वाढपी बादली घेऊन पंगतीतून पळत आणि पानापाशी येऊन क्षणभर थांबत. हाताने 'पुरे' म्हणेपर्यंत वाढत राहत. रसम आलं की माझी तारांबळ. भाताचं आळं नीट केलं नाही तर रसम पानावरून थेट मांडीवर येणार. समोर बसलेल्या माणसाची सफाई पाहून मी ते शिकलो: भाताला मधोमध खळगा, कडा बोटांनी दाबायच्या, रसम पडताच लगेच कालवायला घ्यायचं.

आईला रसम परकं वाटलंच नाही. पहिल्याच घोटाला ती म्हणाली, "अगो बाई, हे तर आपलं सार!" तिचं म्हणणं खरं होतं, कानडीतही त्याला 'सारु'च म्हणतात. नीर डोसा तिच्या लेखी घावन होता आणि अप्पे तर काय, दोन्हीकडे तेच. एकदा ती जेवण झाल्यावर सरळ स्वयंपाकघर बघायला आत गेली. तिथे गिऱ्हाइकाला आत जाऊन पाहायची मोकळीक आहे. बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा सारात मिरी कधी घालायची ते विचारून आली होती. त्या दिवसापासून आमच्या घरच्या साराची चव बदलली.

घरात वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू, आणि बोर्डिंगात प्रत्येक वाढप्याला सगळे अण्णा म्हणत. आमचे अण्णा त्यांना "अण्णा, थोडा भात" म्हणाले की मला फार आनंद होई. तिथे सगळेच कुणाचे तरी अण्णा होते.

आमच्या टेबलाशी बहुतेक वेळा एकटाच जेवायला आलेला कुणीतरी माणूस असे. जागा असेल तिथे बसवायचं, ओळख असो-नसो, ही तिथली रीत. एका खेपेला समोर पांढऱ्या शर्टातले, कपाळावर भस्म लावलेले एक काका होते. शेवटचा दहीभात ते इतक्या सावकाश खात होते की मी खाणं थांबवून बघत राहिलो. मी विचारलं, "काका, आप भी पहले रविवार को आते हो?" ते हसले आणि म्हणाले, "रोज आता हूँ बेटा. दो टाइम." मला त्यांचा हेवा वाटला. रोज माटुंग्याचं पान! परतताना मी तसं बोललोही. अण्णा बराच वेळ गप्प चालले. मग म्हणाले, "अरे, त्यांचं घर गावाला आहे."

तोवर मला ते हॉटेल वाटत होतं. पाटीवर बोर्डिंग लिहिलं आहे, त्याचा अर्थ त्या दिवशी समजला. घरी रांधणारं कुणी नाही अशा माणसांसाठी मांडलेलं ते स्वयंपाकघर होतं. आमची महिन्यातली चैन हे कुणाचं तरी रोजचं घरचं जेवण होतं, आणि घर शेकडो मैल दूर असल्यामुळे ते असं पैसे मोजून जेवायचं होतं.

अण्णांनी पुढचं थोडंथोडं, कित्येक वर्षांत सांगितलं. १९५५ साली ते राजापूरहून मुंबईला आले, गिरणीच्या कचेरीत लागले आणि लालबागच्या एका खोलीत गावकऱ्यांबरोबर राहिले. जेवण खानावळीत. गिरणगावातल्या या खानावळी बायका चालवत, आपल्याच दोन खणांच्या घरात, पाळीपाळीने वीस-पंचवीस माणसांना वाढत. त्यांच्या कष्टांची दखल घ्यायला फार काळ जावा लागला. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं तेव्हा कुठे या बायकांना संघटना मिळाली, बँकेचं कर्ज मिळू लागलं. अण्णांच्या खानावळीच्या काकू शिमग्याला गावी जात, आणि मग पंधरा दिवस अण्णांच्या जेवणाचे हाल. अशाच एका शिमग्यात कचेरीतला तमिळ टायपिस्ट त्यांना हाताला धरून माटुंग्याला घेऊन आला. "पहिल्यांदा पानावर बसलो आणि वाढप्याने न विचारता दुसऱ्यांदा भात वाढला," एवढंच अण्णा सांगत. पुढे लग्न झालं, बिऱ्हाड झालं, तरी पगाराच्या रविवारी ते आम्हाला तिथे का नेत, हे मला त्या एका वाक्यातून कळलं.

बाकीची ठिकाणंही आमचीच होती, पण ती नाश्त्याची. भांडारकर रोडवर १९३९ सालचं राम आश्रय, भल्या पहाटे उघडणारं. फळ्यावर त्या दिवशीचे खास पदार्थ लिहिलेले, टेबल अनोळखी माणसाबरोबर वाटून घ्यायचं, आणि अननसाचा शिरा संपायच्या आत पोहोचायचं. किंग्ज सर्कलवर १९३६ सालचं कॅफे मैसूर, तेही नायक कुटुंबाचंच. तिथून जवळ १९४० सालचं कॅफे मद्रास. पेसरट्टू मी आयुष्यात पहिल्यांदा खाल्ला तो तिथे. मुगाचा हिरवा डोसा, आत आलं-मिरची. गोलाच्या कोपऱ्यावर १९३२ सालचं इराण्याचं कुलार. तिथे आम्ही फक्त ब्रून मस्का खायला जायचो, नाहीतर अण्णांना मित्र भेटला तर. कॉफीचा पेला आणि वाटी घेऊन ती उंचावरून ओतायची कला मला कुलारसमोरच्या एका कट्ट्यावर मोठ्या मुलांनी पाण्यावर शिकवली होती.

त्या हॉटेलांत टेबलं पुसणारी पोरं माझ्याच वयाची असत, हे मला तेव्हा दिसत होतं आणि टोचतही होतं. त्यांतली कितीतरी गल्ला बंद झाल्यावर कानडी रात्रशाळेत जात. मुंबईत अशा रात्रशाळा हॉटेलांतल्या पोरांमुळे भरलेल्या असत. दिवसभर कपबशा उचलून रात्री गणितं सोडवणारा मुलगा आठवला की माझ्या स्वतःच्या अभ्यासाच्या तक्रारी मला आठवतच नाहीत.

एक गोष्ट गाळून हे लिहिता येणार नाही. १९६६ नंतरच्या वर्षांत दाक्षिणात्यांविरुद्ध आंदोलन पेटलं, तेव्हा मुंबईतल्या उडुपी हॉटेलांवर दगड पडले, काचा फुटल्या. मराठी तरुणांना नोकऱ्या मिळत नव्हत्या हे दुःख खरं होतं. अण्णांच्याही ओळखीची पोरं बेकार होती. पण ज्या हातांनी आपल्याला दुसऱ्यांदा भात वाढला त्या हातांवर दगड उचलायचा, हे अण्णांना कधी पटलं नाही. त्या दिवसांत ते मुद्दाम आठवड्यातून दोनदा माटुंग्याला जाऊन जेवत, असं आईने मला सांगितलं. ते स्वतः त्याबद्दल बोलले नाहीत.

मग १८ जानेवारी १९८२ उजाडला. गिरण्यांचा संप सुरू झाला आणि आमचा पहिला रविवार थांबला. मी तेव्हा रुईयात शिकत होतो. रोज त्याच वासातून कॉलेजला जायचं आणि त्याच वासातून परत यायचं. कधी चौघांत मिळून पैसे जमले तर वडा-सांबार आणि 'वन बाय टू' कॉफी, म्हणजे एकच कॉफी दोन पेल्यांत. घरी सांगायचं नाही, असं मी ठरवलं होतं. पण शर्टाला वास लागायचा. आई एकदा माझा शर्ट धुवायला घेताना नाकाशी धरून उभी होती. काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने मिरीचं सार केलं.

आज माटुंग्याला जायचं तर मध्य रेल्वेच्या स्टेशनवर उतरा. २०१७ पासून या स्थानकाचा सगळा कारभार स्त्रिया पाहतात. किंग्ज सर्कलवर आता उड्डाणपूल आहे, पण त्याच्या पोटाखाली २०१६ साली नानालाल मेहता उद्यान झालं. नर्मदेच्या प्रवाहासारखी वळणावळणाची पायवाट त्यात आखली आहे, आणि संध्याकाळी तिथे म्हातारी माणसं निर्धास्त फिरताना दिसतात. कॅफे मद्रासबाहेर सुट्टीच्या सकाळी नावं लिहून रस्त्यावर उभं राहावं लागतं. शक्य असेल तर मधल्या वारी, लवकर जा. बोर्डिंगात मात्र भूक घेऊन, वेळ काढून जा. ताट मिळतं आणि पानही मिळतं. माझं ऐकाल तर पानच घ्या. पानात टाकायचं नाही हा तिथला दंडक आहे, तेव्हा हात वेळेवर आडवा करा. आणि समोर एकटं कुणी बसलं असेल तर दोन शब्द बोला.

अण्णांना शेवटच्या वर्षांत जिना चढवत नव्हता. आई गेली होती. मग मीच रविवारी जाऊन सांबार, रसम, भाज्या डब्यांत घेऊन यायचो आणि खालच्या मंडईतून दोन पानं. आमचं जेवणाचं टेबल चौघांचं, जेवणारे आम्ही दोघे. अण्णा पान मांडून पाण्याचा हात फिरवत, निमुळता भाग डावीकडे आहे ना बघत. मग खुर्ची भिंतीकडे ओढून घेत आणि पानही थोडं त्या बाजूला सरकवत. टेबल मोकळं आहे, अण्णा, नीट ऐसपैस बसा, असं मी पहिल्यांदा म्हणालो होतो.

"असू दे," ते म्हणाले, "शेजारी कुणी आलं तर."