शाळेची रोपवाटिका : उद्योगाचे पहिले धडे

आपल्या ग्रामीण भागातील माध्यमिक शाळांत शिकणारी पुष्कळशी मुले शेतकऱ्यांची, शेतमजुरांची व कारागिरांची असतात. नफा-तोट्याची उदाहरणे ती वहीत बिनचूक सोडवितात. परंतु घरच्या कांद्याच्या एका क्विंटलास प्रत्यक्ष किती खर्च आला, हे त्यांपैकी फार थोड्यांस सांगता येते. दहावीनंतर नोकरी मिळत नाही आणि शेती किफायतशीर कशी करावी हेही ठाऊक नसते. अशा स्थितीत अनेक तरुणांची उमेदीची वर्षे वाया जातात. उद्योगाची दृष्टी स्वतः माल तयार करून, तो विकून आणि त्याचा हिशेब मांडूनच येते. हे शिक्षण शाळेत कसे देता येईल, याचा विचार येथे केला आहे.

पूर्वपीठिका

काम करीत शिकण्याचा विचार आपल्याकडे जुना आहे. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी उत्पादक हस्तोद्योगाभोवती शिक्षणाची उभारणी करण्याची कल्पना मांडली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने 'कमवा आणि शिका' ही पद्धत रुजविली. १९६४-६६ च्या कोठारी आयोगानेही कार्यानुभव हा शालेय शिक्षणाचा भाग असावा, अशी शिफारस केली. तथापि पुष्कळ ठिकाणी हा तास शोभेच्या वस्तू करण्यापुरताच उरला. त्या वस्तूंस गिऱ्हाईक नव्हते. त्यामुळे दर्जा, किंमत व मुदत यांचा प्रश्नच उद्भवला नाही.

पाबळचा प्रयोग

ही उणीव दूर करण्याचा एक मोलाचा प्रयत्न पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात पाबळ या अवर्षणप्रवण गावी झाला. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तेथे १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. कार्यशाळेतील कामे, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन आणि गृह व आरोग्य अशा चार विभागांत विद्यार्थी आठवड्यातून एक दिवस प्रत्यक्ष काम करीत. गावास उपयोगी पडणाऱ्या वस्तू व सेवा हेच त्यांचे पाठ होते. पुढे या अभ्यासक्रमास राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाची मान्यता मिळाली. डॉ. कलबाग २००३ साली निवर्तले. मात्र त्यांची शिक्षणपद्धती पुढे अनेक शाळांनी स्वीकारली. खऱ्या गिऱ्हाइकाचे खरे काम करताना विद्यार्थी अधिक काळजीपूर्वक शिकतो, हा या प्रयोगाचा मुख्य बोध होय.

रोपवाटिकाच का?

प्रत्येक शाळेस मोठी कार्यशाळा उभारणे शक्य नसते. भाजीपाल्याची रोपवाटिका मात्र थोड्या जागेत व थोड्या भांडवलात करता येते. टोमॅटोची रोपे सुमारे २५ ते ३० दिवसांत लावणीयोग्य होतात. म्हणून एका सत्रात काम दोनतीनदा करता येते व पहिल्या खेपेची चूक दुसऱ्या खेपेस सुधारता येते. शिवाय रोप फार काळ थांबत नाही. वेळेवर विकले न गेल्यास ते वाढून निरुपयोगी होते. यास्तव पेरणीपूर्वीच गावात फिरून कोणास कोणती रोपे, किती व केव्हा हवी आहेत, याची नोंद विद्यार्थ्यांनी करावी. बाजारपेठेच्या अभ्यासाचा हाच पहिला पाठ होय.

हिशेबाचा धडा

समजा, ९८ कप्प्यांच्या २० ट्रेमध्ये १,९६० बिया टोकल्या आणि १,६०० रोपे विक्रीयोग्य निघाली. बियाणे, कोकोपीट, खत इत्यादींस १,२०० रुपये लागले. केवळ एवढाच खर्च धरल्यास प्रत्येक रोप ७५ पैशांस पडले असे वाटते व एक रुपया दराने विकून ४०० रुपये नफा दिसतो. परंतु ६०० रुपयांचे ट्रे चार वेळा वापरावयाचे असतील, तर या खेपेवर १५० रुपये पडतात. विद्यार्थ्यांच्या श्रमाची मजुरी ४५० रुपये धरल्यास एकूण खर्च १,८०० रुपये होतो. म्हणजे रोपामागे सुमारे १ रुपया १३ पैसे खर्च आला आणि एक रुपया दराने विकल्यास २०० रुपये तोटा झाला.

हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्येक शाळेने आपल्या गावचे दर घालून गणित मांडावे. घरच्या माणसांची मजुरी, अवजारांची झीज आणि वाया गेलेला माल हिशेबात न धरणे ही आपल्या शेतीतील नेहमीची चूक आहे. ती चौदाव्या-पंधराव्या वर्षी ध्यानात आली, तर जन्मभर उपयोगी पडेल.

काही आवश्यक दक्षता

१. आठ-दहा विद्यार्थ्यांचे गट करून खरेदी, जोपासना, विक्री व हिशेब ही कामे आळीपाळीने सर्वांस, मुलामुलींस सारखीच द्यावीत.

२. जमा-खर्चाची वही रोज लिहावी व महिन्यातून एकदा वर्गासमोर वाचावी.

३. पांढरी माशी टोमॅटोवरील पर्णगुच्छ रोगाचा प्रसार करते. म्हणून रोपे कीटकरोधक जाळीखाली वाढवावीत. विषारी औषधे विद्यार्थ्यांच्या हाती कदापि देऊ नयेत.

४. काम शिक्षणासाठी आहे, याचा विसर पडू देऊ नये. नफ्याच्या लोभाने तास बुडविणे म्हणजे मुलांस मजूर करणे होय.

५. तोटा आल्यास तो लपवू नये. त्याची कारणे शोधणाऱ्या गटास पूर्ण गुण द्यावेत.

पालकांचे साहाय्य

या कामी शेतकरी बंधुभगिनींचा सहभाग अत्यावश्यक आहे. शाळेस जागा अपुरी असल्यास गावातील एखाद्याने विहिरीजवळील गुंठाभर जमीन वापरावयास द्यावी. रोपे घेताना दयेपोटी जादा पैसे देऊ नयेत. माल पारखून घ्यावा आणि रोप कमकुवत असल्यास तसे मुलांस स्पष्ट सांगावे. तांत्रिक सल्ल्यासाठी जवळच्या कृषी विज्ञान केंद्राशी संपर्क साधावा. घरच्या शेतीचा जमाखर्चही मुलांकडून लिहवून घ्यावा. शाळेत शिकलेली हिशेबाची शिस्त याच मार्गाने घरात येईल, आणि पुढे शेती करावी की अन्य उद्योग, याचा निर्णय ही मुले अधिक विचारपूर्वक घेऊ शकतील.