रिपोर्टातली ती एक ओळ

आमच्या घरात या अवयवाला तीन नावे आहेत. मी स्वादुपिंड म्हणतो, धारवाडच्या माहेरची सौ. मेदोजीरक ग्रंथी म्हणते आणि इथे बऱ्हाणपुरात हिंदीतून अग्न्याशय. सोनोग्राफीच्या रिपोर्टात मात्र 'पॅन्क्रियाज'. मी कॉलेजात शिकवतो म्हणून गल्लीतले लोक असे इंग्रजी रिपोर्ट माझ्याकडून वाचून घेतात. मी डॉक्टर नव्हे, अर्थ सांगतो इतकेच.

त्यात एक ओळ वारंवार भेटते: आतड्यातल्या वायूमुळे पॅन्क्रियाज नीट दिसले नाही. ऐकणारा समजतो, काही निघाले नाही. दिसले नाही आणि निघाले नाही, यांत फार अंतर आहे.

सुमारे १५ सेंटीमीटर लांबीचे स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवे पडलेले असते. सोनोग्राफीचा ध्वनी वायूतून पलीकडे जात नाही, म्हणून जठर-आतड्यात वायू असला की मागचे चित्र पुसले जाते. उपाशीपोटी बोलावतात ते यासाठीच. शेपटीकडचा भाग तर बऱ्याचदा निसटतो.

दुसरी गंमत उलटी. रिपोर्टात 'सिस्ट' शब्द आला की घरात रडारड सुरू होते. सिस्ट म्हणजे द्रवाने भरलेली पिशवी. पडद्यावर ती काळी दिसते. स्वादुपिंडाला सूज येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी अशी पिशवी तयार होऊ शकते, तो कर्करोग नव्हे. पातळ द्रवाच्या बारीक कप्प्यांची सिरस गाठही बहुधा निरुपद्रवी. चिकट द्रवाच्या, म्युसिनस गाठींवर मात्र लक्ष ठेवावे लागते, कारण त्यांतल्या काही पुढे कर्करोगाकडे वळतात. गाठ ३ सेंटीमीटर किंवा त्याहून मोठी, भिंत जाड, आत घट्ट गोळा किंवा मुख्य नलिका फुगलेली असेल तर डॉक्टर पुढची तपासणी सांगतात. पिशवी नसलेला घट्ट ट्यूमर सहसा भोवतालच्या भागापेक्षा गडद दिसतो.

पुढची तपासणी म्हणजे सीटी स्कॅन, एमआरआय किंवा एन्डोस्कोपिक सोनोग्राफी. या शेवटच्या प्रकारात दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफीचे यंत्र असते. ती तोंडावाटे जठरात व लहान आतड्याच्या सुरुवातीला नेतात. मग वायूचा अडसर उरत नाही, स्वादुपिंड अगदी भिंतीपलीकडे असते आणि काही मिलिमीटरचा ट्यूमरही सापडू शकतो. त्याच वाटेने सुई घालून द्रव किंवा पेशी काढता येतात. ही सोय मोठ्या शहरांत मिळते. आमच्याकडचे लोक त्यासाठी इंदूर किंवा मुंबई गाठतात. गाडीभाडे, मुक्काम, बुडालेली मजुरी हा खर्च रिपोर्टात लिहिलेला नसतो. म्हणून जायचे की नाही हे 'सगळे नॉर्मल' अशा गैरसमजावर ठरू नये.

गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर १७ मार्च २०१९ रोजी याच अवयवाच्या कर्करोगाने गेले. उत्तम उपचार मिळूनही हा आजार किती कठीण जातो, ते तेव्हा घरोघरी कळले. तो बहुधा उशिरा बोलतो: न दुखता झालेली कावीळ, कारणाशिवाय घटलेले वजन, पाठीकडे जाणारी पोटदुखी, पन्नाशीनंतर अचानक उपटलेला मधुमेह. अशी लक्षणे असताना सोनोग्राफीत स्वादुपिंड दिसलेच नसेल, तर ती तपासणी अर्धीच झाली.

रिपोर्ट हाती घेताना आपल्या डॉक्टरांना एवढे जरूर विचारा: स्वादुपिंड पूर्ण दिसले का? शेपटीसकट?