दुसऱ्या नंबरचा हीटर

सकाळी सात. शटर वर केलं तेव्हा तोंडातून वाफ निघत होती. जानेवारीत निफाडचा पारा एकअंकी तापमानावर उतरतो, नाशिकही फार मागे नसतं. दारातली पिकअप निफाडच्याच एका द्राक्षबागायतदाराची. पहाटे सेल्फ पाच-सहादा मारावा लागतो, मग पांढरा धूर आणि मिनिटभर थडथड. मल्टिमीटरने कालच सांगितलं, चारपैकी तीन हीटर मेलेत. चांगला हीटर एक ओहमच्या आसपास दाखवतो, इथे आतली तारच तुटलेली.

ग्लो प्लगला आम्ही हीटरच म्हणतो. उन्हाळ्यात त्याच्याशिवायही गाडी उठते, म्हणून वर्षानुवर्षं कुणी हात लावत नाही. तोवर टोकाभोवतीची काजळी दगड होते, आटे गंजतात. नोझल उतरतील तेव्हाच हीटरही सोडवून पाहावेत, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो.

साडेसात. रात्री मुळाशी गंज सोडवणारं तेल टाकलं होतं, पुन्हा टाकलं. इंजिन चालू ठेवलं.

साडेआठ. हेड अॅल्युमिनियमचं, हीटर पोलादाचा. तापल्यावर अॅल्युमिनियम जास्त फुगतं, पकड सैल होते. दहा मिलिमीटर आट्यांचा हीटर ३५ न्यूटन-मीटरच्या आसपास तुटतो, म्हणून टॉर्क रेंच २५ वर लावला. पहिला आणि चौथा निघाले. तिसऱ्यावर खटका वाजला.

“उस्ताद, पाइप लावू का पान्याला?”

“नको रे. थोडा सोड, थोडा आवळ.”

दहापर्यंत हेच. शेवटी तो करकरत बाहेर आला.

साडेदहा. दुसऱ्यासाठी इंजिन पुन्हा तापवायचं, म्हणून तिन्ही जुने हीटर परत बसवले. तेल टाकलं, थांबलो. रेंचचा खटका वाजायच्या आधीच हात एकदम हलका झाला. षटकोनी डोकं सॉकेटमध्ये, बाकी सगळं आत. पंचवीस वर्षांनीही त्या क्षणी पोटात खड्डा पडतो. मालकाला फोन केला, “दादा, एक तुटलाय. हेड उतरवावं लागू नये म्हणून आज त्याच्याच मागे आहे.”

दुपारी बारा. इंजिन निवल्यावर गाइड बुश बसवलं. ते नसेल तर ड्रिल कठीण पोलाद सोडून मऊ हेडकडे घसरतं आणि आटे जातात. आधी मधली विजेची काडी पोखरली, मग एकेक आकार वाढवत कवच पातळ केलं. टोकाचा रॉड भोकात घट्ट आहे तोवर चुरा सिलिंडरमध्ये पडत नाही, म्हणून त्याला शेवटपर्यंत धक्का लावायचा नाही. दर दोन मिनिटांनी थांबून चुरा ओढून घ्यायचा. जेवण तीनला झालं, उभ्याउभ्याच.

साडेतीन. उरलेल्या कवचाचे तुकडे आट्यांतून सुईने उचलले. रॉडमध्ये बारीक आटे पाडून बोल्ट अडकवला, सरकत्या हातोड्याने ओढला. चौथ्या ठोक्याला काळाभोर रॉड अख्खा हातात आला. टोक शाबूत आहे, हे उजेडात दोनदा पाहिलं. ते आत पडलं असतं तर हेड उतरवण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

पाच. चारही भोकांत ग्रीस लावलेला रीमर फिरवला, काजळी ग्रीसलाच चिकटते. नोझलचे कनेक्टर काढून सेल्फ मारला, उरलेली धूळ हवेसोबत बाहेर. नवे हीटर हाताने तळापर्यंत गेले, मग १५ वर आवळले.

सात. गाडी मुद्दाम उघड्यावर लावली, रात्रभर गारठू दे. किल्ली माझ्याकडेच आहे, पहाटेचा पहिला सेल्फ मीच मारणार.